सत्तावीस नंबरचा बिल्ला

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, म्हणजे परवा तू गेलीस तेव्हा होतं तितकंच. बाबा आतल्या खोलीत दुपारचे आडवे झालेत, काठी पलंगाला टेकलेली आहे, आणि मी शिलाई मशीनचं झाकण लावून त्यावर कागद ठेवून लिहायला बसलेय. फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस बाई, आणि मला सांगायचंय ते मध्येच तोडून सांगण्यासारखं नाही. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी हमखास कच खाते आणि तुझ्या धाकट्याच्या खोकल्यावर घसरते. आज टाकलं तर मंगळवारी तुझ्या हातात पडेल. गुरुवारच्या आत वाच, एवढंच बघ.

गुरुवारी अकराला तू त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेस. तपासणी झाली की महिनाअखेरीला आम्ही दोघं तुझ्याकडे, तळमजल्यावरच्या खोलीत. हे घर बंद. बाबांची हत्यारांची पेटी, ओळंबा, पाणसळ, चौतीस वर्षांच्या टिपणवह्या, सगळं कुणाला तरी देऊन टाकायचं, कारण आता त्यांच्या हातात हातोडी असणं बरं नाही. तू दवाखान्याचं ऑफिस सांभाळतेस, कुणाला कुठल्या खाटेवर हलवायचं ते तुला झोपेतही सुचतं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुला जे दिसलं त्यावरून कुणीही हेच ठरवलं असतं. आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. तीनदा म्हटलं, एकदा तर तू विचारायच्या आधी. हे पत्र त्या हो-बद्दल आहे.

सहलीबद्दल तू मला धड काही विचारलंच नाहीस. तिकिटं तू दिलीस, एवढ्या हौसेनं दिलीस, आणि परत आलो ते रुग्णवाहिकेतून, तेव्हा बोटीवर मजा आली का असं कोण विचारणार. पण आली होती गं. पहिले तीन दिवस खरंच आली होती. आठ दिवसांत चौदा गावं. बोट दुमजली, बेचाळीस माणसं, आणि आमची खोली इतकी अरुंद की एकानं कपडे बदलायचे तर दुसऱ्यानं पलंगावर चढून बसायचं. खिडकी पाण्यालगत. सकाळी उठून बघावं तर बदक आत डोकावतंय, आणि बाबा त्याला गंभीरपणे सांगतायत की चहा अजून यायचाय. सकाळी एक गाव, दुपारी दोन-तीन तास नदी, संध्याकाळी दुसरं गाव. प्रत्येक गावाला एक तट, एक वेस, एक मनोरा, आणि एक संग्रहालय, ज्यात कुणाची तरी फुटकी भांडी काचेत मांडलेली. मला ती भांडी आवडली. कुणीतरी ती जोडायला बसलं असेल, ते आवडलं.

तुझे बाबा गाव बघत नाहीत, तपासतात. नगरपालिकेतली बांधकामं तपासायची नोकरी सुटून बारा वर्षं झाली तरी इमारत दिसली की यांचा हात तिच्याकडे जातोच. आमची वाटाडी मुलगी पुढे उभी राहून वेढ्याची गोष्ट सांगायची, किती हत्ती, किती तोफा, कोणी फितुरी केली. हे मागे राहून बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायचे, कान लावायचे, आणि शेजाऱ्याला हळूच सांगायचे की ही कमान काही त्या काळची नाही, मागाहून बसवली आहे, सांधा बघा. तिसऱ्या गावापासून पाच-सहा माणसं वाटाडीला सोडून यांच्या मागे फिरायला लागली. ती बिचारी हसून यांना साहेब म्हणायला लागली. मला अभिमान वाटत होता हे खोटं नाही. पण साहेब प्रत्येक भिंतीपाशी रेंगाळणार, आणि मी प्रत्येक वेशीत हातात पर्स धरून त्यांची वाट बघत उभी राहणार, हेही खरं.

आता त्या बिल्ल्यांचं सांगते, कारण ते तुला अर्धवटच माहीत आहे. बोटीवर चढायच्या फळीपाशी एक लाकडी फळा होता. त्यावर बेचाळीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबर असलेला पितळी बिल्ला. गावात उतरताना आपला बिल्ला काढून न्यायचा, परत चढलं की आपल्या हातानं खिळ्यावर अडकवायचा. भोंगा तीनदा व्हायचा. तिसऱ्या भोंग्याला खलाशी फळ्याकडे बघायचा, सगळे खिळे भरलेले दिसले की दोर सोडायचा. माणसं मोजायची नाहीत, बिल्ले बघायचे. त्यांचं वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, आणि कधी चुकलं नव्हतं म्हणे. पहिल्याच दिवशी बाबांनी आपला सत्तावीस नंबरचा बिल्ला माझ्याकडे दिला. त्यांच्या खिशात काही टिकत नाही हे तुला माहीतच आहे. सहलीसाठी मी मुद्दाम नवी पर्स शिवली होती, आतून सहा कप्प्यांची. त्यातला एक बटणाचा कप्पा बाबांचा. त्यांचा चष्मा, त्यांचं पाकीट, त्यांचा फोन, आणि आता त्यांचा बिल्ला. मुलींना शाळेत शिवण शिकवताना मी सांगायची की कप्पा शिवायच्या आधी त्यात काय राहणार ते ठरवा. तसा ठरवून शिवलेला कप्पा होता तो.

चौथ्या दिवशी काय झालं हे तुला बाबांनी सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. ते म्हणाले, मी बोटीवर आलो, बिल्ला अडकवला, मग तटाचा एक कोपरा राहिला होता म्हणून पुन्हा उतरलो आणि बोट सुटायची वेळ झाली हे डोक्यातून गेलं. खलाशी म्हणाला, साहेबांना चढताना मी बघितलं नाही, पण बिल्ला खिळ्यावर होता हे नक्की. वाटाडीही तेच म्हणाली. झालं. दोन अधिक दोन चार. बिल्ला लावून माणूस परत उतरतो, बोट सुटणार हे विसरतो, खिशात फोन नाही, पैसे नाहीत, आणि भर उन्हात नदीकाठच्या वाटेनं चालत निघतो. पुढच्या पाण्याच्या फाटकापाशी, जिथे बोटींना खालच्या पाण्यात उतरवतात, तिथल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर तोंड धुवायला वाकतो आणि पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घेतो. तू त्यांच्या उशाशी बसून हे सगळं ऐकलंस आणि मान फिरवून डोळे पुसलेस. मी बघितलं होतं. तू मनातल्या मनात तेव्हाच खोली रिकामी करायला घेतली होतीस.

त्यानंतरच्या नऊ आठवड्यांत तू काय काय टिपून ठेवलंयस तेही मला ठाऊक आहे. तू वार विचारलास, ते मंगळवार म्हणाले, होता शुक्रवार. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तुझ्या थोरल्याला त्यांनी धाकट्याच्या नावानं हाक मारली. तू गेल्यावर मी विचारलं, अहो, चष्मा फ्रिजमध्ये कसा गेला. तर म्हणाले, मी ठेवला, लोणी होतं त्याच्या मागे, लवकर सापडेल असा. ठमे, त्यांना वार ठाऊक होता. त्यांना तारीख ठाऊक होती, तू आलीस ती वेळ ठाऊक होती, आणि तुझ्या गाडीचा उजवा दिवा बंद आहे हेही ठाऊक होतं. तुझ्या पाठीमागे त्यांनी मला ते सगळं सांगितलं. माणूस विसरला म्हणून बोट चुकली, असं एकदा सांगून झालं ना. आता ती गोष्ट उभी राहायची तर माणसानं विसरत राहायला हवं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींना टेकू लावले, तसे हे स्वतःच्या थापेला टेकू लावत बसलेत. पहिल्यांदा मला हसू आलं. तुझ्या पाठीमागे आम्ही दोघं त्या चष्म्यावर हसलो सुद्धा, हे कबूल करते.

तर ही थाप का, ते सांगायचं म्हणजे मला जरा मागे जावं लागेल. जाऊ दे. तुझ्या बाबांची वाट बघण्यात माझं आयुष्य गेलं, हे मी तुला गमतीनं शंभरदा सांगितलंय. लग्नाच्या सहीला पाऊण तास उशीर, कारण वाटेत कुणाचा तरी सज्जा लोंबत होता. तू झालीस तेव्हा यांनी तुला बघितलं ते तू तीन तासांची झाल्यावर. या गोष्टी मी चारचौघांत सांगते, लोक हसतात, हेही हसतात. एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. माझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुला मावशीकडे ठेवलं होतं. दुपारी निरोप आला की आई शेवटच्या घटका मोजतेय, लगेच निघा. पाचची बस होती. हे म्हणाले, तू स्टँडवर पोच, मी शाळेच्या जिन्यावर एक नजर टाकून आलोच. मी दोन तिकिटं काढली आणि उभी राहिले. पाचची गेली. सहाची गेली. हे आले पावणेसातला, हातावर चुना, आणि म्हणाले की जिना बंद करायला लावला, मुख्याध्यापक ऐकत नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते. आमच्या वहिनी म्हणाल्या, शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या.

मी एकटी का गेले नाही, हे मला आजही सांगता येत नाही. दोन तिकिटं हातात होती आणि मी उभी होते, बस्स. आणि यांना बोलणार तरी काय? आठ दिवसांनी तो जिना खरंच खचला. रिकामा होता म्हणून कुणाला काही झालं नाही. गावातले लोक यांना भेटायला घरी आले, हार घातला. शे-दीडशे पोरं वाचली म्हणे. आता तूच सांग, ज्या बाईची आई गेली आणि ज्या पोरांचे हातपाय शाबूत राहिले, त्यात त्या बाईनं कुठल्या तोंडानं भांडावं. मी हार घातलेल्या माणसाला चहा करून दिला. पस्तीस वर्षं झाली. तो राग कुठे ठेवायचा ते मला कळलं नाही, म्हणून मी तो कुठेच ठेवला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आता चौथा दिवस. ते गाव सगळ्यात सुंदर होतं हे आधी सांगते. तट थेट धक्क्यापर्यंत उतरलेला, पायऱ्यांवर झेंडूच्या रंगाचं ऊन, आणि वर एक बारीकसा पूल, त्यावरून कुणी एके काळी राणीची पालखी न्यायचे म्हणे. वाटाडीनं बजावलं होतं की आज वेळेवर या, पुढे फाटकाशी बोटींची रांग लागते. पहिला भोंगा झाला तेव्हा मी बोटीवर होते. माझा बिल्ला अडकवला. बाबा दिसत होते. ठमे, हे नीट वाच. ते दिसत होते. धक्क्याच्या टोकाला, तट जिथे पाण्याला लागतो तिथे, आमच्याकडे पाठ करून उभे होते, हात भिंतीवर. साठ-सत्तर पावलं असतील. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दुसरा भोंगा झाला. त्यांनी डोकं सुद्धा वळवलं नाही. पेरानं टकटक चाललेली मला दिसत होती, आणि ती मला थेट कपाळावर ऐकू यायला लागली. माझ्या बाजूला एक बाई उभ्या होत्या, त्या हसून म्हणाल्या, तुमचे साहेब आजही शेवटचेच. मीही हसले. मग मी बटण काढलं, कप्प्यातून सत्तावीस नंबर काढला, आणि खिळ्यावर अडकवला.

चुकून नाही. बाई घाईत होती, दोन्ही बिल्ले तिच्याकडेच असायचे, सवयीनं दोन्ही लावले, असं मी मनाशी कितीतरी वेळा रचून बघितलं, आणि तू विचारलं असतंस तर मी तेच सांगितलं असतं. पण तू विचारलंच नाहीस, कारण त्यांनी तुला विचारायची वेळच येऊ दिली नाही. मी जाणूनबुजून लावला. धक्क्यावर बसचं वेळापत्रक होतं, ते मी उतरतानाच वाचलं होतं. दर अर्ध्या तासानं पुढच्या गावाला बस. म्हणजे काय होणार, एकदा आयुष्यात हे स्टँडवर उभे राहतील, बसची वाट बघतील, आणि संध्याकाळी धापा टाकत येतील. एवढंच मला हवं होतं. एकदा त्यांनी उभं राहावं. पाकीट आणि फोन माझ्याच पर्समध्ये आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. बिल्ला काढताना फोन बोटांना लागला होता, गार लागला होता. लागला, पण डोक्यात शिरला नाही. यावर तू विश्वास ठेवावास असा माझा आग्रह नाही, माझाच कधी बसतो, कधी बसत नाही.

तिसरा भोंगा झाला. खलाशानं फळ्याकडे बघितलं आणि दोर सोडला. बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा ते वळले. मी कठड्याला उभी होते. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. तेव्हाही मी खलाशाला सांगू शकले असते, अजून धक्क्यापासून चार हातांचंही अंतर नव्हतं. त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, खांद्याच्या थोडा वर, आणि तसाच धरून ठेवला. कुणाला निरोप देताना धरतात तसा. जा, मी येतो मागून, असंच जणू म्हणत होते. मी वळले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

आणि पुढचे दोन तास मी सुखात होते. ही गोष्ट मला सगळ्यात जड जातेय लिहायला. मी चहा मागवला, बिस्किटं खाल्ली, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. फाटकाशी बोट अर्धा तास थांबली, पाणी हळूहळू उतरत गेलं, दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती वर वर जाताना दिसल्या, आणि मी विचार केला की हे इथे असते तर या भिंतींवर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. शांतता काय असते ते मला कळलं. पुढच्या गावात उतरून मी वाटाडीला सांगितलं की साहेब खोलीत दिसत नाहीत. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला धीर दिला, म्हटलं येतील बसनं. मग मी एकटी मनोरा चढले, एकशे बारा पायऱ्या, कुठेही न थांबता. वरून नदीकाठची वाट दिसत होती, पांढरी, लांबच्या लांब. त्या वाटेवर ते तेव्हा चालत होते. खाली येऊन मी बसस्टँडवर जाऊन बसले. एक बस आली, दुसरी आली, तिसरी आली. तिसऱ्या बसच्या वाहकाला सुट्टे द्यावे म्हणून, म्हणजे यांच्याकडे नसले तर, मी पर्समधून यांचं पाकीट काढलं. पाकीट हातात घेतलं, आणि तेव्हा कळलं की यांच्याकडे बसचे पैसेच नाहीत. तिथेच बाकावर बसून होते तेव्हा वाटाडी पळत आली की फाटकावरच्या माणसाचा फोन आलाय.

दवाखान्यात मला आत सोडलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मी काही बोलायच्या आत ते डॉक्टरांना म्हणाले, बिल्ला मीच लावला होता, मीच पुन्हा उतरलो. माझ्याकडे न बघता म्हणाले. पर्सकडे बघून म्हणाले. बिल्ला त्यांच्याकडे नव्हताच, कधीच नव्हता, हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यानंतर आमच्यात या विषयावर एक अक्षर झालेलं नाही. मी त्यांना आंघोळ घालते, पायाला तेल लावते, ते मला बरं वाटतंय म्हणतात. बोलायला पाहिजे हे कळतं, पण कुठून सुरू करू? आईपासून सुरू करू की बिल्ल्यापासून?

आज का लिहितेय तेही सांगते आणि आटपते. काल घरात कुणी नव्हतं. तू नव्हतीस, शेजारच्या वहिनी नव्हत्या, नाटक करावं असं कुणीच नव्हतं. उकडत होतं. हे खुर्चीत बसले होते, खिडकी त्यांच्या हाताशी, आणि मला म्हणाले, मी खिडकी उघडू का, चालेल का तुला. असं हळू आवाजात विचारलं, पाहुण्यासारखं. पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मला विचारून खिडकी उघडलेली नाही. त्या खिडकीची चौकट त्यांनी स्वतः बसवली आहे. चष्मा त्यांनी मुद्दाम ठेवला, वार मुद्दाम चुकवला, पण ही खिडकी मुद्दाम नव्हती. सगळे आपल्याशी सावकाश, मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात, हातातली सुरी काढून घेतात, उत्तर बरोबर आलं तर शाबासकी देतात, असे नऊ आठवडे काढले तर माणूस तसा होईल नाहीतर काय. पूर्वी येताजाता हात भिंतीवर जायचा, आता मांडीवर असतो. मी बिल्ला लावून त्यांना एका दुपारपुरतं मागे ठेवलं होतं. आता तू, मी आणि ते डॉक्टर मिळून त्यांना कायमचं मागे ठेवू. म्हणून गुरुवारची वेळ रद्द कर. पेटीला हात लावू नकोस. खोली तुझ्या मुलांना अभ्यासाला राहू दे. बोटीच्या लोकांनाही मी लिहिणार आहे, त्या वाटाडीला आणि खलाशाला उगाच बोल लागायला नको. तुला माझा राग येईल. येऊ दे, तो तुझा तू मला तोंडावर सांग, माझ्यासारखा सांभाळून ठेवू नकोस. आता हे उठले की त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे, आणि मगच पाकिटात घालणार.

तुझीच,
जिला आपला हो परत घ्यायचा आहे ती,
आई

ता. क. वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपलेच. मग धक्क्यावरचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. तो वाचला. तर म्हणाले, दोन चुका आहेत. पहिली, सत्तावीस नंबर तुझा होता, माझा अठ्ठावीस. मी कपाटातून खोलीची पावती काढून बघितली, तिच्यावर नावांपुढे बिल्ल्यांचे नंबर आहेत. बरोबर आहे त्यांचं. तेव्हा स्मरणशक्ती कुणाची तपासायची ते तूच ठरव. मग दुसरी चूक. म्हणाले, हात निरोपाचा नव्हता. थांब म्हणत होतो. एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी वरचं काही खोडलेलं नाही, दोन्ही चुका तशाच ठेवल्यात. पोस्टाची पेटी चारला उघडतात, मी निघते.